शर्वरीच्या गणिताविषयी मित्रास पत्र

देवगड,
9 जानेवारी

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची शर्वरीची उत्तरपत्रिका मिळाली. सूत्रे तिला पाठ आहेत, आकडेमोडही बहुतेक बिनचूक आहे. गुण जातात ते हाती आलेले उत्तर प्रश्नाशी ताडून न पाहिल्यामुळे. दहावीला बीजगणित आणि भूमिती यांचे लेखी पेपर प्रत्येकी 40 गुणांचे असतात, तेव्हा अशी दोन-तीन गणिते हातची जाणे परवडणारे नाही.

होडीचेच गणित घे. प्रवाहाचा वेग ताशी 2 किमी आहे आणि प्रवाहाविरुद्ध 24 किमी जाऊन परत येण्यास एकूण 5 तास लागतात. होडीचा संथ पाण्यातील वेग ताशी क्ष किमी मानला, तर 24/(क्ष − 2) + 24/(क्ष + 2) = 5, म्हणजेच 5क्ष² − 48क्ष − 20 = 0. याचे अवयव पडतात. पण मला भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात श्रीधराचार्यांची म्हणून दिलेली रीत अधिक आवडते, कारण सूत्र कोठून आले हे तिच्यातून दिसते. वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने, येथे 20 ने, दोन्ही बाजूंना गुणावे आणि 48 चा वर्ग मिळवावा: (10क्ष − 48)² = 2704. वर्गमूळ 52, म्हणून क्ष = 10 किंवा −0.4. शर्वरीने दोन्ही किमती लिहून खाली रेघ मारली आहे. वेग ऋण नसतो, म्हणून दुसरी किंमत सोडावी आणि पहिली पडताळावी: जाताना 24 भागिले 8 म्हणजे 3 तास, येताना 24 भागिले 12 म्हणजे 2 तास, बेरीज 5. (हे गणित आमच्या खाडीवरच्या खलाशाला मात्र सांगू नये. इथे साधारण सव्वासहा तासांनी पाणी उलटते. भरतीबरोबर आत आणि ओहोटीबरोबर बाहेर येणारा माणूस प्रवाहाविरुद्ध तीन तास कशाला झगडेल?)

दीपगृहाच्या गणितात तिने अवनत कोन मनोरा आणि दृष्टिरेषा यांच्यामध्ये दाखवला आहे. आकृती काढताना माथ्यातून क्षितिजसमांतर रेषा आधी ओढावी आणि कोन तिच्यापासून खाली मोजावा. माथा पाण्यापासून 90 मीटर उंच असेल, तर 30° कोनातील होडी पायथ्यापासून 90√3, म्हणजे सुमारे 156 मीटर, आणि 60° कोनातील होडी 30√3, म्हणजे सुमारे 52 मीटर अंतरावर येते. लहान कोनाची होडी जवळ आली, तर आकृती चुकली असे खुशाल समजावे.

मध्यकाचे, म्हणजे चढत्या क्रमातील मधल्या किमतीचे, सूत्र पाठ असूनही तिथे घोटाळा का होतो, ते आंब्यांवरून पाहू. 100 हापूस तोलले आणि 200 ग्रॅमपासून 20-20 ग्रॅमच्या वर्गांत अनुक्रमे 12, 26, 34, 20 व 8 आंबे आले. पन्नासावा आंबा 240–260 या वर्गात पडतो. त्याआधी 38 आंबे होऊन गेले. या वर्गातील 34 पैकी 12 मोजले की पन्नास होतात, म्हणून 240 मध्ये 20 ग्रॅमचा 12/34 भाग मिळवायचा: सुमारे 247 ग्रॅम. शर्वरी 38 च्या जागी त्याच वर्गाची संचित वारंवारता, म्हणजे त्या वर्गाअखेरची एकूण बेरीज, 72 घेते. तसे केले तर उत्तर 227 येते, आणि ते मध्यक वर्गाच्या बाहेर आहे हे पाहताक्षणी कळायला हवे. मध्य, म्हणजे सरासरीही काढून पाहा, तो 247.2 येतो. आंबे इतके सारखे असताना दोन्ही जवळजवळ येणारच.

तिने नवी गणिते घेण्याआधी हीच उत्तरपत्रिका पुन्हा सोडवावी, आणि प्रत्येक उत्तराखाली पडताळ्याची एक ओळ लिहावी. समरूप त्रिकोणांच्या सिद्धतांबद्दल पुढच्या पत्रात सविस्तर लिहितो, कारण तिथली अडचण निराळी आहे. सोडवलेली पाने व्हॉट्सॲपवर पाठवलीस तरी चालेल.

वहिनींना नमस्कार, शर्वरीस अनेक आशीर्वाद.

तुझा,
वसंत