पहिलं झाड रतांब्याचं लावा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहर सोडून गावी राहायला येणाऱ्यांनी घराभोवती कोणती फळझाडं लावावीत, यावर आपल्या रविवार पुरवणीत पानभर मजकूर आला होता. हापूस, केसर, ड्रॅगन फ्रूट, अ‍ॅव्होकॅडो, कुंडीत येणारा बारमाही आंबा, खताचं गणित, पाण्याचं गणित, सगळं होतं. कोकणासाठी वेगळी चौकटही होती. त्या चौकटीत कोकम, ज्याला आम्ही रतांबा म्हणतो, ते नव्हतं. पुढच्या पानावर गेलं असेल म्हणून उलटून पाहिलं, तिथेही नव्हतं.

लेखकाला एकट्याला बोल लावायचं कारण नाही. गावातही हीच तऱ्हा आहे. नोकऱ्या संपल्यावर आम्ही दोघं मुंबईहून सासरच्या घरी कायमचे राहायला आलो आणि मे महिन्यात विहिरीच्या वरच्या अंगाला खड्डे मारायला घेतले, तेव्हा शेजारचे भावजी गडग्यापलीकडून बघत उभे होते. "वयनी, काय लावतास?" मी म्हटलं, रतांबो. ते मोठ्याने हसले. "रतांब्याक कोण खड्डो मारता? तो आपसूक येता. हापूस लावा, हापूस!"

आपसूक येतो हे खरंच आहे. आमच्याकडची बहुतेक कोकमं बांधावर, वहाळाच्या काठाला, गडग्याच्या फटीत कुणी न लावता उगवलेली आहेत. पण आपसूक आलेल्या झाडांत निवड कसली? कोकमाचं नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. बी पेरलं तर साधारण निम्मी झाडं नर निघतात आणि फूल येईपर्यंत कोणतं काय ते ओळखता येत नाही. बियांपासूनच्या झाडाला फुलावर यायला सात-आठ वर्षं सहज लागतात. बांधावरच्या झाडाचं ठीक आहे, त्याला कुणी पाणी घातलेलं नसतं. घराशेजारी हौसेने लावलेल्या झाडाच्या बाबतीत मात्र हे फार महागात पडतं.

खालच्या वाडीत एक निवृत्त शिक्षक ठाण्याहून येऊन राहिले आहेत. त्यांनी टेम्पोवाल्याकडून कोकमाची रोपं घेतली होती. कलमी म्हणून पैसे मोजले होते, पावती नव्हती. चार उन्हाळे त्यांनी घागरीने पाणी घातलं. झाडं सुरेख वाढली, उंच, शेलाटी, लालसर कोवळ्या पालवीची. या हिवाळ्यात पहिल्यांदा फुलं आली म्हणून त्यांनी कौतुकाने मला बघायला बोलावलं. जवळ जाऊन एक फांदी खाली ओढली तर बारीक देठांच्या फुलांचे झुबके, आणि प्रत्येक फुलात नुसते पिवळे पुंकेसर दाटलेले. मादी फुलाचा देठ आखूड आणि जाड असतो, मधोमध हिरवी गोल गाठ असते. तिचंच पुढे फळ होतं. आम्ही सगळी झाडं फिरलो. एका झाडावर तशी गाठ सापडली. बाकीच्यांवर नुसते झुबके. गुरुजी म्हणाले, "म्हणजे सात वर्षं मी नवरदेव पोसले!"

ते हसले म्हणून मीही हसले. पण रोपं विकून गेलेला टेम्पोवाला पुढच्याच जूनमध्ये पुन्हा आला होता.

फळझाडांच्या व्यापारातली खरी गोम ही आहे. बियाणं खोटं निघालं तर चार महिन्यांत कळतं, ओरडा होतो, पंचनामे होतात. झाडाची फसवणूक कळायला पाच-सात वर्षं जातात, तोवर विकणाराही आठवत नाही. महाराष्ट्रात फळरोपवाटिकांसाठी १९६९ पासून कायदा आहे. परवाना घेतल्याशिवाय कलमं-रोपं विकता येत नाहीत. पण पावसाच्या तोंडावर तिठ्यातिठ्यावर उभ्या राहणाऱ्या टेम्पोंना परवाना विचारताना मी अजून कुणाला पाहिलेलं नाही, आणि शहरातून आलेला माणूस तर पिशवीत हिरवं काही दिसलं की विरघळतो.

हापूसवर माझा राग नाही. आमच्या घरी जुनी कलमं आहेत, त्यांचे आंबे आम्ही मिटक्या मारत खातो. पण घराच्या आवारात लावायला तो अवघड गडी आहे. त्याला चहूबाजूंनी ऊन हवं, दोन कलमांत तीसेक फुटांचं अंतर हवं. मोहोर आला की तुडतुडे आणि भुरीसाठी फवारण्या सुरू. त्या फवारण्या तुमच्या विहिरीवर आणि स्वयंपाकघराच्या खिडकीवर होणार, हे पुरवण्यांत कुणी लिहीत नाही. शिवाय कोकणात सातबारावर तीस-चाळीस नावं असतात. सामायिक जागेत हापूस लावला की तो धरायला लागेपर्यंत बोरिवलीच्या चुलत चुलत्यांना गाव आठवायला लागतं. रतांब्यासाठी अजून कुणी मोजणी मागवल्याचं ऐकिवात नाही!

कोकम माडा-पोफळीच्या सावलीतही धरतं. फवारणी मागत नाही. वर्षभर हिरवं राहतं, पायथ्याचा पसारा थोडा, त्यामुळे न्हाणीघराच्या मागच्या निमुळत्या जागेतही मावतं. मात्र लावायचं ते कलम. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातीस' अशा दोन जाती दिल्या आहेत. हातीसचं फळ चांगलंच मोठं असतं. अमृता लवकर तयार होते, आणि हल्ली तिचा हाच गुण मोलाचा ठरतो आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

कलम घेताना दोन गोष्टी बघाव्यात. एक, काडी, म्हणजे रोपावर बांधलेली फांदी, मादी झाडाची आहे याची लेखी खात्री. दुसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही: काडी सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची हवी. आडव्या फांदीची काडी बांधलेलं कलम आडवंच वाढतं, जमिनीलगत पसरतं, झाडाचा आकार घेत नाही. काही जणांना ते चालतं, फळं हाताशी येतात. पण चार हात जागेत उभं झाड हवं असेल तर रोपवाटिकेत हे विचारूनच घ्यावं.

बाकी फार सोपं आहे. मे महिन्यात दोन-दोन फुटांचा खड्डा मारून तापू द्यावा, चांगली माती आणि कुजलेलं शेणखत भरावं, पाऊस स्थिरावला की कलम लावावं. जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. जोडाची प्लॅस्टिकची पट्टी आठवणीने सोडावी, नाहीतर ती खोडात रुतते. खुंटाला, म्हणजे जोडाखालच्या मूळ रोपाला, फुटणारे धुमारे खुडत राहावं, नाहीतर वरचं कलम मरतं आणि खालचं रानटी झाड जोमाने वाढतं, आणि मालक खूश! भातकापणी झाली की गुरं मोकळी सुटतात, त्याआधी भोवती काट्यांची वई घालावी आणि वणव्यासाठी गवत काढून ठेवावं. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं, वर झावळ्यांची सावलीही. भावजींचं 'आपसूक' कलमाला लागू नाही. मोठी लागवड असेल तर दहा मादी कलमांमागे एखादं नर ठेवतात. घरच्या दोन-तीन झाडांना आसपासचे बांधावरचे नर पुरतात. म्हणून गुरुजींनाही मी सांगितलं, सगळे तोडू नका.

आणि धरायला लागल्यावर घरात काय काय येतं! रतांबे फोडायचे, बिया आणि गर वेगळा करायचा, सालं उन्हात पसरायची. गराला मीठ लावून सुटलेल्या रसात ती सालं बुडवायची, पिळायची, पुन्हा वाळवायची. असं चार-पाच दिवस केलं की काळीभोर, लवचीक सोलं, म्हणजेच आमसुलं, होतात. बाजारातली बरीचशी कोरडी ठणठणीत असतात, रसाशी त्यांची गाठ एकदाच पडलेली असते. अर्ध्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवली की अमृत कोकम. मीठ घालून टिकवलेला रस म्हणजे आगळ, त्याची सोलकढी पाच मिनिटांत होते. बियाही टाकायच्या नाहीत. वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर तूप येतं. ते गार झालं की मुठीत दाबून गोळे करायचे. हे मुठेल टाचांच्या भेगांना लावायला आमच्या सासूबाईंच्या उशाशी कायम असायचं. एका झाडातून एवढं देणारं दुसरं फळझाड आमच्या वाडीत तरी नाही. माडाचं नाव कुणी घेईल, तर त्याला वर चढणारा माणूस लागतो, आणि तो हल्ली मिळत नाही.

अडचण पावसाची आहे. रतांबे पिकतात एप्रिल-मे महिन्यांत, काही झाडं जूनपर्यंत रेंगाळतात. २०२५ साली मोसमी पाऊस २५ मे रोजीच देवगडपर्यंत पोचला, त्याआधीच्या दिवसांतही तो कोसळतच होता. ज्यांची सालं खळ्यात होती त्यांना बुरशी आली, ज्यांचे रतांबे झाडावर होते त्यांच्या झाडाखाली लाल चिखल झाला. अशा हवामानात मेच्या आरंभी तयार होणारी जात परसात असणं आणि जूनची वाट पाहणारं बांधावरचं झाड असणं, यांत वर्षभराच्या आमसुलांचा फरक आहे. आपसूक येणाऱ्या झाडांत हा गुण योगायोगानेच सापडतो.

आता सरकारकडे दोन मागण्या आहेत, त्या आपल्या वृत्तपत्रातून पोचाव्यात. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना २०१८ पासून आहे, तिच्यात कोकमाची कलमंही बसतात. पण कोकणातही किमान दहा गुंठ्यांची अट आहे. घराभोवतीच्या तीन-चार गुंठ्यांत दोन झाडं लावू पाहणाऱ्याला त्या योजनेत जागा नाही. अनुदान नको, पण प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी जूनच्या पहिल्या आठवड्यात विद्यापीठाची खात्रीची कोकम कलमं रोख पैशांत, एक-एक, दोन-दोन अशी सुटी मिळावीत. आज ती घ्यायला गाडी करून जावं लागतं, म्हणून लोक टेम्पोकडे वळतात. दुसरी मागणी, कलमाच्या पिशवीला परवाना क्रमांक, जात आणि नर की मादी हे लिहिलेली चिठ्ठी बांधणं सक्तीचं करून त्याची तपासणी तिठ्यावर व्हावी. तपासणी करायला फार तर पावसाळ्याचे पहिले तीन आठवडे लागतील, एरवी टेम्पो येतच नाहीत.

चौपदरीकरणात महामार्गाकडेची जुनी झाडं गेली, घरं वाढली तशी बांधावरचीही जात आहेत. नवी कोकमं आता कुणीतरी हाताने लावली तरच राहतील, आणि गावी नव्याने येणाऱ्यांकडे जागाही आहे, वेळही.

आपल्या पुरवणीत पुढच्या वेळी कोकणाची चौकट छापाल तेव्हा तिच्यात कोकमाला एक ओळ द्यावी, आणि ती मेच्या आत छापावी. जूनमध्ये वाचून खड्डे तापत नाहीत.

आपली नम्र,
एक वाचक,
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग