ओमी यंदा 1 मेला येणार नाही

प्रिय आई-बाबा,

फोनवर तीनदा सांगायला घेतलं आणि तिन्ही वेळा पाण्याच्या मोटरबद्दल बोलून ठेवून दिला, म्हणून लिहितेय. बाबा, तुम्ही आधी सगळं वाचा आणि मग आईला वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका. ओमी यंदा 1 मेला येणार नाही, 14 ला येईल, मीच घेऊन येते. मधे आम्ही हिमाचलला जातोय, कुल्लू जिल्ह्यात ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क आहे तिथे. दोन रात्री तंबूत राहायचं आणि चालायचं, एवढंच. तिकिटं काढून झालीत. आधी विचारायला हवं होतं हे मला कळतंय, पण विचारलं असतं तर आई गप्प झाली असती, आणि आई गप्प झाली की माझ्याच्याने पुढे काही होत नाही.

आई, मला सगळ्यात जास्त आढीचं लागलंय. पहिली आढी ओमीने उघडायची हे तो तीन वर्षांचा होता तेव्हापासूनचं आहे, आणि तिकिटं काढल्यावर त्यानेही पहिलं तेच विचारलं, मग आढी कोण उघडणार. मी पटकन म्हणून गेले की आजी ठेवेल आपल्यासाठी. नंतर रात्रभर तेच डोक्यात, की आंबा काय कोणासाठी थांबतो का, आणि तू मात्र थांबशील, रोज पेंढा वर करून वास घेशील आणि परत झाकशील. तसं करू नकोस ग. वेळेवर उघड, शेजारी दे, तुम्ही दोघं खा (बाबांना अर्धाच). शेवटची आढी घालशील तेव्हा आम्ही असू, ती तो उघडेल. मी त्याला समजावलंय.

आता तुम्ही म्हणाल आत्ताच कशाला. सुट्टी याच आठवड्यात मिळतेय, शर्वरीला पण हेच दिवस जमतायत, जूनमध्ये पाऊस सुरू झाला की तिथले डोंगर घसरतात, आणि ऑक्टोबरमध्ये त्याची परीक्षा. ही सगळी कारणं खरी आहेत पण खरं कारण वेगळंय. बाबांची अँजिओप्लास्टी झाल्यापासून मी प्रत्येक गोष्ट पुढे ढकलतेय, हॉस्पिटलच्या त्या बाकावर बसून जी भीती बसली ती उठलीच नाही, फोन रात्री नऊनंतर वाजला तरी माझे हात गार पडतात. दोन वर्षं झाली, बाबा रोज चार किलोमीटर चालतात, आणि मी अजून त्याच बाकावर. आणि ओमी अकराचा झाला. मी अकराची होते तेव्हा बाबांनी मला कुठे नेलं होतं ते मी वेगळं सांगायला नको.

आई, रसाळगडाचं नाव आपण घरात काढत नाही, पण आज काढते. मला ती रात्र आठवते ती अशी की झोलाईच्या देवळातली गार फरशी, बाबांचा शर्ट मला गुडघ्यापर्यंत आलेला, आणि माझ्या कानांवर त्यांचे दोन्ही हात, वारा ऐकू येऊ नये म्हणून. ते हात रात्रभर तसेच होते, मला सकाळी जाग आली तेव्हाही. माझ्या आयुष्यात मला इतकं सुरक्षित परत कधीच वाटलं नाही. आणि त्याच रात्री तू पडवीत कंदील घेऊन बसली होतीस आणि पहाटे रघूकाका आम्हाला शोधायला निघाले होते. ही दुसरी बाजू मला ओमी झाल्यावर कळली, त्याआधी खरंच नाही कळली. बाबांवर चिडू नकोस आता, इतकी वर्षं झाली.

म्हणून तुला एकही रात्र अंदाजात काढावी लागू नये अशी सोय केलीय. 5 मेला पुण्याहून रेल्वेने दिल्ली. तिथून हिमाचलची सरकारी बस, रात्रभर प्रवास, 7 ला सकाळी औटला उतरायचं. बाबा, तुमच्या नकाशात कुल्लूच्या खाली बियासवर औट शोधा, तिथे जवळच लारजीला तीर्थन आणि सैंज या दोन नद्या येऊन मिळतात. आम्ही तीर्थनच्या कडेकडेने वर, बंजारपर्यंत बस, मग गुशैणी. 7 ची रात्र गुशैणीत एका घरातच, पलंग, गरम पाणी, वरणभात, सगळं आहे. 8 ला सकाळी चालायला सुरुवात, रोल्ला नावाची कॅम्पची जागा आहे पार्कच्या हद्दीत शिरल्याशिरल्या, आठ-दहा किलोमीटर, नदीच्या काठाने पायवाट. 8 आणि 9 अशा दोन रात्री तिथे. 10 ला खाली परत.

8 ला सकाळी दहापासून 10 ला दुपारी तीनपर्यंत फोन लागणार नाही. लागणारच नाही, त्यामुळे लावूच नकोस. 10 ला गुशैणीत पोचल्या पोचल्या पहिला फोन तुला. तीनचे चार झाले तरी घाबरायचं नाही, मुलं आहेत बरोबर, वेळ लागतो. सहा वाजून गेले तरच मिलिंदला फोन कर, त्याच्याकडे गुशैणीच्या घराचा नंबर आहे, गाईडचा आहे, आणि हाच कागद आहे. तो येत नाहीये, त्याचं ऑडिट आहे. हो, म्हणजे बरोबर पुरुषमाणूस कोणी नाही, मी, शर्वरी, ओमी आणि शर्वरीची मुलगी. पण गाईड आहे. तिथे परमिट काढावं लागतं आणि स्थानिक माणूस बरोबर घेऊनच आत जायचं, एकट्यादुकट्याने नाही. बाबा, तुम्हाला हे आवडेल म्हणून सांगते, 1999 ला पार्क पक्कं जाहीर झालं तेव्हा आसपासच्या गावांचं आतलं गुरं चारणं आणि जडीबुटी गोळा करणं बंद झालं, म्हणून आता गाईड, पोर्टर, स्वयंपाक ही कामं त्याच गावांतल्या लोकांना मिळावीत असा प्रयत्न असतो. आमचा गाईड गुशैणीच्या वरच्याच एका गावचा आहे, त्याचे वडील त्या जंगलात मेंढ्या न्यायचे. मी त्याच्याशी चार वेळा फोनवर बोललेय. मुलांची वयं सांगितली तर म्हणाला दीदी, शिल्टपर्यंत नाही नेणार, ती चढण मुलांची नाही, जंगलात जमेल तेवढं जाऊन दुपारी दोनच्या आत तंबूपाशी. ज्या माणसाने पैसे मिळत असताना नाही म्हटलं त्याच्यावर मी विश्वास टाकलाय.

आणि उंचीचं. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. रोल्ला एकवीसशेच्या आसपास आहे. कळसूबाई 1,646 मीटर, गुशैणी जवळपास तेवढंच, म्हणजे आमची पहिली रात्र कळसूबाईच्या उंचीवर आणि पुढच्या दोन त्याच्यापेक्षा चार-पाचशे मीटर वर, बस. बर्फ लांबूनच दिसेल. अस्वलं आहेत त्या जंगलात, लपवत नाही, पण ती माणसाला टाळतात आणि खाण्याच्या वासावर येतात, म्हणून बिस्किटाचा पुडासुद्धा तंबूत ठेवायचा नाही, सगळं गाईडकडे द्यायचं, हे दोन्ही मुलांकडून पाठ करून घेतलंय. नदीत पाय घालायचा नाही हेही. बर्फाचं पाणी असतं, सकाळी कमी दिसतं आणि दुपारी ऊन चढलं की वाढतं.

तंबू भाड्याने आणलाय, तीन दिवस गच्चीवर लावून बघितला. पहिल्या रात्री थंडी नको म्हणून मी सगळ्या चेन आणि वरच्या जाळीची झाकणं घट्ट लावली, तर पहाटे आमच्याच श्वासाचं पाणी आतून कापडावर धरलेलं, एक थेंब बरोबर ओमीच्या कपाळावर पडला आणि तो झोपेतच म्हणाला, "आई, कौलं गळतायत." तुमच्या घरचंच स्वप्न पडलं असणार त्याला. मग कळलं की जाळी थोडी उघडी ठेवायची, आणि वरचं पावसाचं कापड आतल्याला टेकू द्यायचं नाही, खुंट्यांनी नीट ताणायचं. दुसऱ्या रात्री कोरडं होतं. आता खुंट्या तो एकटा ठोकतो, तिरक्या, डोकं तंबूपासून लांब. स्लीपिंग बॅग जाड आहेत, खाली मॅट आहेत, लोकरी टोपी आईने विणलेलीच घेतलीय, रात्री दहा अंशांपर्यंत जाईल म्हणाला गाईड, तेवढं भागेल. पाणी उकळलेलंच. सकाळी गरम चहा आणि पराठे तोच करणार, मुलांना दूध पावडर नेतेय. चार रविवार सिंहगड चढलोय पाठीवर सॅक घेऊन, ओमीची चार किलोची, पहिल्या रविवारी त्याने अर्ध्यात काढून दिली होती, चौथ्याला दिली नाही.

पैशांचं बाबा विचारतील. कंपनीचं पॅकेज नाही घेतलं, फार मागत होते. स्लीपर, सरकारी बस, भाड्याचा तंबू, आमच्या दोघांचं सगळं मिळून 18,000 मध्ये बसतंय, ते माझ्या भिशीचे आहेत. घराच्या हप्त्याला हात लावलेला नाही.

ओमीला जुजुराना बघायचाय. रानकोंबडीच्या जातीतला पक्षी, लाल मान, अंगावर पांढरे ठिपके, हिमाचलचा राज्यपक्षी. तिकडचे लोक म्हणतात की सगळ्या पक्ष्यांनी आपलं एकेक पीस दिलं आणि तो झाला. जगात फार थोडे उरलेत आणि हे पार्क म्हणजे त्याचं मोठं घर. आम्ही असू त्या उंचीवर दिसेलसं वाटत नाही, जास्त वर राहतो तो, पण ओमीने वहीत पान सोडून ठेवलंय. आपला सह्याद्री 2012 ला जागतिक वारशात गेला आणि हे पार्क 2014 ला, हे त्याला सांगितलं तर म्हणाला म्हणजे आजोबांचं जंगल मोठा भाऊ झालं.

आणि बाबा, दुर्बीण माझ्याकडे आहे. फेब्रुवारीत आले तेव्हा तुमच्या कपाटातून घेतली, विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर कशाला ते सांगावं लागलं असतं. आई म्हणाली तुम्ही दोन दिवस शोधत होतात, माळासुद्धा उतरवलात. मला तेव्हाच बोलायला हवं होतं, नाही बोलले, माफ करा. उजवीकडची फिरकी अजून तशीच अडकते, तुम्ही अंगठ्याने दाबून मागे घ्यायचात तसं ओमीला शिकवलंय. गळ्यातला पट्टा नवीन घातलाय. जुना जपून ठेवलाय, टाकला नाही.

आता माझं ऐका. बाबा, माळ्यावर परत चढायचं नाही. झाडावर तर नाहीच, शिडी गड्याला द्या, खाली उभं राहून ओरडायला तुम्हाला कोणी अडवत नाही. रक्त पातळ व्हायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, महिनाभराच्या आणून कुरिअर केल्यात, आल्या का ते आजच बघा. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला नाही आणला मी. फणसाची साठं आणि पापड यंदा कमी घाल, खाली बसून उन्हात चार-चार तास चालणार नाहीत, मी आल्यावर घालू, मला जमतात आता. साखर 10 तारखेच्या आत तपासून घ्या दोघंही आणि आकडा मला खरा सांगा, मागच्या वेळी जेवणाआधीचा म्हणून जेवणानंतरचा सांगितला होतात, मला कळलं होतं. रात्री पडवीतला दिवा चालू ठेवला तर ठेव आई, पण तू आत झोप. तू जागी आहेस हे मला तिथे कळतं, खरंच कळतं.

तुम्ही चिडलात तर चिडा, पण 5 तारखेच्या आत एकदा ओमीशी बोला. तो तुम्हाला सांगायचं म्हणून वाट बघतोय आणि मीच त्याला थांबवून ठेवलंय हे पत्र पोचेपर्यंत. पोचलं की मिस कॉल द्या, आम्ही लावतो. बाबा, त्याला रात्री तारे कसे ओळखायचे ते सांगा, मला सप्तर्षीच्या पुढे येत नाही, आणि सप्तर्षी पण तुम्हीच दाखवलेत, त्याच देवळाच्या पायरीवरून.

14 ला दुपारच्या एसटीने येतो. स्टँडवर यायचं नाही, उन्हाचं तर अजिबात नाही, आम्ही रिक्षाने येऊ.

तुमची,
माई

ता.क. आई, ओमी आत्ता मागून वाचत होता, म्हणतोय आढी उघडलीस की एक आंबा खाऊ नकोस, नुसता ठेव, पिकून काळा पडला तरी चालेल.