सोलापुरात जेवायचं कुठं?

सोलापूर,
५ जानेवारी

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुळजापूर-अक्कलकोट करताना दोन दिवस सोलापुरात मुक्काम आहे म्हणतोस, तर देवळांच्या वेळांआधी जेवणाचं ठरव. स्टेशनजवळच्या झगमगीत पाट्यांची हॉटेलं पनीर आणि तंदुरी रोटी देतील. ते तर तुमच्या ठाण्यातही मिळतं. इथली खाणावळ पारखायची खूण एकच: आतून भाकरी थापल्याचा आवाज येतोय का ते ऐक. येत असेल तर बिनधास्त शिर.

ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. गरम पाण्यात मळून लगेच थापलं तरच भाकरी फुगते आणि पापुद्रा सुटतो. मळलेला गोळा तासभर पडून राहिला की कडा चिरतात, आणि गर्दीच्या वेळी नेमकं हेच होतं. म्हणून साडेबाराच्या आत जेवायला बस. ज्वारी मालदांडी वाणाची असेल तर गोडसर लागते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, ते उगाच नाही.

भाकरीबरोबर भरलं वांगं किंवा पिठलं सांग. शेंगा चटणीवर दही घ्यायचं, नाहीतर कच्चं तेल. कोरडी खाल्लीस तर घशात बसेल. वहिनींना तिखट सोसत नसेल तर दही-धपाटे मागव. मटण खायचं तर साधी भाकरी नको, कडक, म्हणजे वाळवून कुरकुरीत केलेली भाकरी सांग. आधी ती ताटात चुरायची, मग वरून रस्सा ओतायचा आणि दोन मिनिटं थांबायचं. घाई केलीस तर टाळूला टोचते, फार थांबलास तर लगदा होतो. रस्सा काळ्या मसाल्याचा आणि जहाल असतो, त्यामुळे पहिल्यांदा अर्धीच वाटी घे.

सकाळी इडली, वडा, उप्पीट कुठंही बरं मिळतं. कर्नाटक शेजारीच आहे. संध्याकाळी पार्क चौकात गाड्यांची रांग लागते, मुलं तिथं खूश होतील. मला विचारशील तर मी पूर्व भागात जाईन. तिथं तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांची वस्ती आहे. मिरची भजी कढईतून थेट कागदावर पडतील अशाच गाडीवर घे, परातीत रचून ठेवलेली नको. वाफेनं त्यांचं आवरण मऊ पडतं. संक्रांतीच्या सुमारास त्या घरांत सकिनालू होतात, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या, तीळ-ओवा घातलेल्या गोल चकल्या. कुणी दिल्या तर नाही म्हणू नकोस.

तू येतोयस तेव्हा गड्ड्याची, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वराची यात्रा असेल. संक्रांतीच्या सुमारास देवळाजवळच्या संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वराच्या लग्नाचा सोहळा असतो, तेव्हा देवळाच्या तळ्याच्या बाजूला रिक्षा मिळणार नाही. जेवण त्या भागापासून लांब उरकून घे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि पावटा, गाजर, वांगं, ओला हरभरा घातलेली मिसळीची भाजी त्याच दिवशी खरी.

हुरड्याचा, म्हणजे भाजलेल्या कोवळ्या ज्वारीचाही हाच मोसम. शेतावर आदल्या दिवशी फोन करून जा. आगटीतलं, म्हणजे निखाऱ्यांच्या खड्ड्यात भाजलेलं कणीस हातावर चोळलं की लगेच खायचा. गार झाला की चिवट होतो.

घरी न्यायला शेंगा चटणी घेशीलच. चिमूटभर दाबून बघ: तेल सुटून गोळा झाला पाहिजे. भुरभुरीत असेल तर ते तिखट लावलेलं नुसतं कूट समज, आणि खवट वास आला तर दाणे जुने. घरी करायची तर अर्धा किलो शेंगदाणे मंद आचेवर भाजून सोल; दोन गड्डे लसूण, चार चमचे तिखट, एक चमचा जिरं, दोन चमचे मीठ घाल आणि खलबत्त्यात कुट. मिक्सर असेल तर थांबत-थांबत फिरव, सलग फिरवलास तर लोणी होतं. लसूण धुतलास तर पुसून कोरडा कर, नाहीतर आठ दिवसांत वास येतो.

कडक भाकरी मात्र सामानाच्या तळाशी ठेवू नकोस. आणि तुमच्याकडच्या दमट हवेत नरम पडली तर तव्यावर मंद आचेवर पुन्हा शेकायची. परतीची गाडी रात्रीची असेल तर खरेदी संध्याकाळीच नव्या पेठेत उरकून घे.

तुझा,
अनंत