गटई स्टॉलवरच्या काकांस

काका, सप्रेम नमस्कार.

ठाणे स्टेशनबाहेर पश्चिमेला तुमच्यापुढे रोज इतके पाय येऊन थांबतात, त्यात मी कशाला आठवेन? ‘गरम दगडावर चालायचंय’ म्हणणारी मी. तुम्ही रापी खाली ठेवून ‘म्हंजे कुठं?’ विचारलं होतंत.

बॅरन बेटावर. पोर्ट ब्लेअरपासून समुद्रातून सुमारे १४० किलोमीटर, भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी. वस्ती नाही, धक्का नाही. रबरी होडीतून उतरायचं आणि थेट लाव्ह्यावर चढायचं. दगड आपल्या पारसिकच्या डोंगरासारखा बेसॉल्टच. पण पारसिकचा सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, पावसानं घासलेला. इथला काही तर १९९१ नंतरचा, वीटभट्टीतल्या खंगरासारखा. हात टेकला तर कातडं जातं.

ज्या दुकानातून हे महागडे बूट घेतले, त्यांनी ते आठवडाभर ठेवून घेतले आणि मग एसीत बसून सांगितलं, ‘सोल बदलून मिळत नाही, नवीन घ्या.’ खोक्यावर मात्र डोंगराचं चित्र!

तुम्हीही नुसतं सोल्युशन फासून मोकळे झाला असतात. ‘ते तापलं की सुटतंय’ असं स्वतःच म्हणालात आणि कडेनं सगळी शिलाई घातलीत. पण हे पत्र शिलाईसाठी नाही. निघताना तुम्ही एक जुनी आरी आणि मेण लावलेला दोरा पिशवीत गुंडाळून उजव्या बुटात खुपसलात. पैसे विचारले, तर ‘तिथं माझा स्टॉल नाय ना’, एवढंच.

बेटावर माझे बूट टिकले. सोबतच्या विद्यार्थ्याचा सोल पहिल्याच चढणीला अर्धा सुटला. त्याला होडीत परत धाडायचं ठरत होतं, तेवढ्यात आरी आठवली. वेडेवाकडे टाके घातले आणि पोरगं दिवसभर आमच्याबरोबर नमुने फोडत फिरलं.

या प्रवासासाठी किती टेबलं फिरले ते सोडाच. ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणण्यात शिकलेली माणसं पटाईत. आपलं काम कुठं संपतं हे प्रत्येकाला चोख ठाऊक असतं. तुम्हाला ते ठाऊक नव्हतं, बरं झालं.

तो विद्यार्थी पुढल्या आठवड्यात खारघरहून बूट घेऊन तुमच्याकडे येतोय. माझे टाके बघून हसाल, हसा. मागचे आणि आताचे, दोन्ही पैसे मात्र घ्यायचे. आरी मागू नका, ती मी देणार नाही.

तुमची,
नौपाड्याची दगडवाली