कल नसलेलंही शिकू द्या

मा. संपादक,

महोदय,

दहावीचा निकाल लागला की आपल्या नागपुरात घरोघरी मुलांचा कल ठरतो. 'याचं डोकं गणिताचं आहे' हे ठरतं, आणि त्याच दमात 'चित्रात याचा हात नाही, गाण्याला गळा नाही' हेही ठरून जातं. पुष्कळ घरांत तर हा निवाडा आठवीतच होतो. जेईई-नीटच्या फाउंडेशन बॅचला नाव घातलं की तबला बंद, पोहणं बंद, विणकाम बंद. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना मुलं बसतात, पण दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून. ज्याचा हात वळत नाही त्याला बसवतच नाहीत.

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. अकरावीला येणारी ही मुलं हुशार असतात, पण पहिल्या फटक्यात न जमणाऱ्या गोष्टीपुढे ठाण मांडून बसण्याची सवय त्यांना नसते. ती लागणार तरी कशी? न जमणारं सगळं आपण मोठ्यांनीच त्यांच्या वाटेतून उचलून बाजूला ठेवलेलं असतं. त्रिमितीय भूमिती शिकवताना तर हे फार जाणवतं. कधी पुठ्ठा कापून खोका केलेला नाही, मातीला हात लावलेला नाही, अशा मुलांना घनाचा कर्ण सूत्राने काढता येतो. तो कोणत्या कोपऱ्यातून कोणत्या कोपऱ्यात जातो हे दाखवताना ती थांबतात.

पन्नाशी ओलांडल्यावर मी तबला शिकू लागले. ताल हा हिशेबच, तो मला कळतो. तीनतालाच्या १६ मात्रा, चार विभाग, खाली कुठे, सम कुठे, सगळं पाठ आहे. बोटं मात्र ऐकत नाहीत. लय जरा वाढली की डग्ग्यावरचा हात मागे पडतो, आणि माझ्या शेजारी बसलेली लहान मुलगी सहज पुढे निघून जाते. मी चांगली वादक होणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण कळूनही न जमणं म्हणजे काय, हे मला तिथे रोज अनुभवायला मिळतं. त्यामुळे मागच्या बाकावरच्या मुलाला तेच उदाहरण तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज चढत नाही. गणितावर आणखी कितीही पुस्तकं वाचून हे मला मिळालं नसतं.

ज्यात गती आहे त्यातच पुढे जावं, पोट त्यावरच भरावं, याबद्दल माझं दुमत नाही. फी आणि वेळ दोन्ही तुटपुंजे असतात, हेही मी घरोघरी पाहते. माझं म्हणणं एवढंच, की आठवड्याचे दोन तास तरी मुलाला ज्यात गती नाही अशा कामाला द्यावेत. त्यात क्रमांक नको, प्रमाणपत्र नको.

हा विचार आपल्याला परका नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, ती हाताच्या कामातून शिक्षण देण्यासाठी. बॅरिस्टर असलेल्या या माणसाने दक्षिण आफ्रिकेत चपला शिवायला शिकून घेतलं होतं आणि १९१४ मध्ये स्वतः केलेली जोडी तिथल्या सरकारातले मंत्री जनरल स्मट्स यांना भेट दिली होती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तराविना ठेवावेत आणि त्या काळात त्यांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्या हाताखाली काम शिकावं, असं सुचवलं आहे.

हे १० दिवस सहलीत आणि भाषणांत संपू नयेत, अशी शहरातल्या शाळांना माझी कळकळीची विनंती आहे. महालातली चितार ओळ, म्हणजे मूर्तिकारांची वस्ती, आपल्याकडे आहे. तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचे, लाकडी बैल घडवणारे सुतार आपल्याकडे आहेत. या कारागिरांना रीतसर मानधन द्यावं, शिक्षकाचा मान द्यावा आणि मुलांना त्यांच्यापाशी बसवावं. कार्यानुभवाचा तास वेळापत्रकात असतो, तो गणिताला देऊ नये. हे मी गणिताची शिक्षिका म्हणून सांगते. पोळा आणि गणेशोत्सवाच्या आधी या मंडळींना श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून शाळांनी दिवाळीनंतरचे दिवस त्यांच्याशी बोलून आत्ताच ठरवून घ्यावेत.

आपली,
एक शिक्षिका,
धरमपेठ, नागपूर