बोअरिंगवाल्या नानांना जाहीर आभारपत्र

आदरणीय नाना,
सा. न. वि. वि.

धुळ्यात महामार्गालगतच्या तुमच्या इंजिन-बोअरिंगच्या दुकानात दिवसभर ट्रकचे आणि ट्रॅक्टरचे ब्लॉक येऊन पडलेले असतात. त्या गर्दीत मातीच्या ट्रॅकवरच्या गाडीचं एक छोटं पेट्रोल इंजिन तुम्ही मनावर घेतलंत, त्याबद्दल हे पत्र. जाहीर अशासाठी, की खानदेशात ऑटोक्रॉसची (मातीच्या वळणावळणाच्या ट्रॅकवरच्या शर्यतीची) गाडी बांधायची म्हणणारी पोरं बरीच आहेत आणि त्यांचा पैसा बहुतेक वेळा चुकीच्या जागी जातो. तुम्ही काय केलंत आणि का केलंत, ते त्यांच्यापर्यंत पोचायला हवं.

इंजिन आणायच्या आधीच तुम्ही नियमाचं पुस्तक मागितलंत. मारुती एस्टीम-जिप्सीचं जी-१३ इंजिन घ्यायचं ठरत होतं : बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५.५, म्हणजे १२९८ सीसी. बिलाच्या पाठीमागे पेन्सिलने तुम्ही हिशोब मांडलात, की बोअर वाढवून ०.२५ मिमी ओव्हरसाइज पिस्टन टाकला की इंजिन १३०७ सीसी होतं आणि ०.५० टाकला की १३१६. वर्गाची मर्यादा १४०० असेल तर काही अडत नाही. ती १३०० असेल, तर एका साध्या रिबोअरने गाडी तपासणीतच बाद. अमेरिकेत मातीच्या गोल ट्रॅकवर जीएमच्या सीलबंद ६०२ इंजिनाचे वर्ग चालतात, तिथे तर सील तुटलं की खेळ संपला. आधी नियम, मग इंजिन.

मारुतीचं नंतरचं के-सिरीज इंजिन का नको, हेही तुम्ही दोन वाक्यांत संपवलंत. इंजिन हलकं आहे, चांगलं आहे, पण ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), इमोबिलायझर (चोरीविरोधी कुलूप) आणि वायरिंग जुळवण्यातच हंगाम निघून जातो. जी-१३ चे पिस्टन, रिंगा, बेअरिंगचे शेल, गॅस्केट अजून काउंटरवर मिळतात. पंधरा हॉर्सपॉवर कमी चालतील, शनिवारी संध्याकाळी गॅस्केट मिळालं पाहिजे, हा तुमचा हिशोब शंभर टक्के खरा.

कॅमबद्दलही (व्हॉल्व उघडणारा दांडा) तसंच. मातीवर टायर मुळात घसरतच असतो. वळणातून निघताना ३००० ते ६००० आरपीएममध्ये सलग ओढ हवी, ७५०० ला मिळणारा आकडा कागदावरच राहतो. लांब ड्युरेशनचा (व्हॉल्व जास्त वेळ उघडे ठेवणारा) कॅम खालची ओढ खातो आणि वर फिरवायला भाग पाडतो. ६००० वरून ७००० ला गेलं की कनेक्टिंग रॉडवरचा (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्यावरचा) ताण ३६ टक्क्यांनी वाढतो, कारण तो आरपीएमच्या वर्गाने वाढतो. जुन्या रॉड बोल्टांवर हे करणं म्हणजे ब्लॉकला खिडकी पाडून घेणं. तुम्ही कॅम कंपनीचाच ठेवायला लावलात आणि वाचलेले पैसे नवे रॉड बोल्ट व बेअरिंगकडे वळवलेत.

आता मुख्य काम. तुमचं एक वाक्य दुकानातल्या पोरांना पाठ आहे : "पहिले मोजी ले, मंग बोल." बोअर डायल गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांनी मोजलात. प्रत्येक पिस्टन वेगळा मोजून त्याच्या मापाने त्याचं सिलिंडर होन केलंत (आतून बारीक घासून मापात आणलंत). बाजारात चारही बोअर एकाच मापाला करून मोकळे होतात, आणि मग एक पिस्टन खडखडतो, एक धरतो. कास्ट (ओतीव) पिस्टनला तुम्ही सिलिंडरमध्ये ०.०३ मिमीच्या आसपास फट ठेवलीत. फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) पिस्टन गरम झाल्यावर जास्त फुगतो, त्याला जास्त जागा लागते, कंपनीचा कागद बघितल्याशिवाय अंदाज करायचा नाही. होनिंग करताना ब्लॉकवर टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट) बसवून हेडचे बोल्ट पूर्ण ताणलेत. जी-१३ चा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे, बोल्ट आवळले की लायनर (सिलिंडरची आतली नळी) किंचित वाकडा होतो. मोकळ्या ब्लॉकमध्ये गोल असलेला बोअर हेड बसल्यावर गोल राहत नाही.

रिंगांच्या बाबतीत तुमचा हात बघण्यासारखा. रिंग बोअरमध्ये सोडायची, पिस्टन उलटा धरून ती इंचभर खाली सरळ ढकलायची, मग रिंगेच्या टोकांमधल्या फटीत फिलर (फट मोजायची पातळ पट्टी) घालायचा. बोअरच्या दर इंचाला चार थाऊ (इंचाचा हजारावा भाग) फट, म्हणजे ७४ मिमीला साधारण ०.३० मिमी. दुसरी रिंग त्याहून थोडी मोकळी, ०.३५. कमी असेल तर कानस बाहेरून आत, एकाच दिशेने, आणि शेवटी टोकाचा बर काढायचा. फट कमी राहिली की गरम रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात, बोअर ओरबाडला जातो, नाहीतर पिस्टनची लँड (रिंगांच्या खाचांमधली कड) तुटते. फट थोडी जास्त झाली तर जराशी पॉवर जाते, इतकंच.

बेअरिंगला जर्नलच्या (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) दर इंचाला एक थाऊ फट : मेन जर्नलला ०.०४५ मिमी. प्लास्टिगेजची (ही फट मोजायच्या मऊ दोऱ्याची) चपटी झालेली पट्टी पट्टीच्याच पाकिटावर लावून वाचायची, आणि तेव्हा क्रँक अजिबात फिरवायचा नाही. पिस्टन-रॉडची वजनं एका ग्रॅमच्या आत जुळवायला तुम्ही थेट जळगावच्या सराफाकडे पाठवलंत. सोन्याच्या काट्यावर कनेक्टिंग रॉड ठेवलेला बघून गिऱ्हाइकं थबकली असतील! रॉडची मोठी आणि लहान बाजू मात्र वेगवेगळी तोलावी लागते, नुसतं एकूण वजन जुळून भागत नाही.

कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) १० ला ठेवायचं होतं. एका सिलिंडरचे ३२७ सीसी धरले तर वरची जागा ३६.३ सीसी हवी. हेडमधला चेंबर, गॅस्केट, पिस्टनचा खड्डा हे सगळं ॲक्रिलिकची पट्टी आणि ब्युरेट लावून मोजलंत आणि मगच हेडला फेस मारलात (तळ घासून कमी केलात). अकराचा आग्रह तुम्ही मोडून काढलात ते बरं झालं. पेट्रोल पंपावरचं साधं, मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे हवा ४४ अंशांची. तिथे नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी भडका) सुरू झालं की आधी पिस्टनची रिंग लँड जाते. फेस मारल्यावर व्हॉल्व पिस्टनच्या जवळ येतात, म्हणून पिस्टनवर प्लास्टिसिन ठेवून इंजिन हाताने दोन फेऱ्या फिरवायचं आणि दबलेला थर कापून मोजायचा : इनटेकला किमान २ मिमी, एक्झॉस्टला २.५.

तेलाच्या चेंबरचं (इंजिनाच्या तळाच्या टाकीचं) काम आमच्या मते सगळ्यात मोलाचं. वळणात १ जी (गाडीच्या वजनाएवढा आडवा जोर) बसला की तेलाची पातळी ४५ अंशांत तिरकी होते, तेल ओढणारी जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. अमेरिकेतल्या गोल ट्रॅकवर गाडी सहसा डावीकडेच वळते, तेल एकाच बाजूला चढतं, बंदोबस्तही एकाच बाजूचा पुरतो. ऑटोक्रॉसला दोन्हीकडे वळणं, म्हणून तुम्ही जाळीभोवती पत्र्याची पेटी करून चारही बाजूंना फक्त आत उघडणाऱ्या झडपा लावल्यात. जाळी आणि तळ यांत ८ मिमी. वरून नुसतं जास्त तेल भरणं हा उपाय नव्हे, क्रँक ते घुसळून फेस करतो आणि फेसावर बेअरिंग तरत नाही. गेजवर दर १००० आरपीएमला १० पीएसआय दिसायला हवं, आणि काटा वळणात पडतो का हे बघायचं, सरळ रस्त्यात तो सगळ्यांचाच छान दिसतो.

ई-२० चं (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं) तुम्ही सांगितलं नसतं तर कुणाच्या लक्षात आलं नसतं. इथेनॉलला जास्त इंधन लागतं. लॅम्बडा सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) मंद चालीत ते सावरून घेतो, पण पूर्ण थ्रॉटलला जुना ईसीयू सेन्सरकडे बघत नाही, मिश्रण पातळ राहतं. ईसीयूमधला इंधनाचा मॅप दाट करून घ्यायचा, आणि जुने रबरी पाइप बदलायचे, ते आतून सुटतात.

पहिलं रनिंग मिनरल तेलावर, आणि तासन् तास आयडलला ठेवून नाही. रिंगा मागच्या गॅसच्या दाबाने बोअरला बसतात, त्यामुळे मधूनमधून लोड द्यायचा, सोडायचा. मग तेलाचा फिल्टर कापून बघायचा. बारीक राखाडी चमक ठीक, तांबूस कण दिसले की इंजिन खाली. आपल्याकडची धूळ वेगळा विषय आहे. प्रत्येक फेरीनंतर एअर फिल्टर आणि इंजिन यांमधल्या पाइपात बोट फिरवायचं, बोटाला काळी माती लागली तर क्लॅम्प कुठेतरी सैल आहे.

या कामाचं बिल तुम्ही ट्रॅक्टरच्या दरानेच लावलंत, यावर बोलायचं आहे, पण ते दुकानात येऊन.

टॉर्क प्लेट तेल लावून, गोणपाटात बांधून परत पाठवत आहोत. सोबत दुसरा ब्लॉक आहे. त्याच्या तिसऱ्या सिलिंडरला वरच्या बाजूला ओरखडा दिसतो, ०.२५ मध्ये निघतो की ०.५० लागेल, तेवढं बघून कळवा. पिस्टन त्यानंतरच मागवतो.

आपली,
ऑटोक्रॉसची मंडळी
धुळे-जळगाव