फासामागची तार

ॲन आर्बर, मिशिगन
रविवार, रात्री उशिरा

प्रिय दिन्या,

परवा तुझा फोन झाला आणि रात्रभर झोप लागली नाही. नव्या नाटकात फाशीचा प्रवेश आहे, म्हणून तू नेपथ्य नाकारणार म्हणालास. आपल्या जुन्या नाटकात फासाच्या प्रवेशात तू बांधलेल्या कडीने दगा दिला आणि सुन्याची मान दोरात सापडली, ते तू अजून विसरला नाहीस. मी तेव्हा गप्प बसलो. फोनवर मला असलं काही धड बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

गेल्या शनिवारी मी ॲलिस कूपर या रॉक गायकाला रंगमंचावर पाहिलं. हॉस्टेलवर तुझ्या टेपवर आपण ऐकायचो, तोच. जन्म डेट्रॉइटचा, १९४८ चा, त्यामुळे इथले लोक त्याला घरचा समजतात. या वयातही तो स्ट्रेटजॅकेट, म्हणजे वेड्यांचे हात बांधायचा कोट, घालून तडफडतो, राक्षसाशी झुंजतो आणि शेवटी गिलोटिनखाली, म्हणजे मुंडकं उडवणाऱ्या पात्याच्या यंत्राखाली, मान देतो. त्याची बायको शेरिल फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत होऊन येते आणि नवऱ्याचं तुटलेलं मुंडकं हातात धरून मिरवते. ही बाई १९७५ च्या दौऱ्यात नर्तकी म्हणून आली आणि पुढच्या वर्षी त्यांनी लग्न केलं. आजही रोज रात्री ती त्याच्या मरणाच्या प्रवेशात उभी असते. मला ते फार सुंदर वाटलं.

आजूबाजूचे लोक मुंडकं बघून ओरडत होते. मी मात्र जल्लाद कुठे उभा राहतो, कोण कुणाच्या आड येतं, उजेड कुठून पडतो, हे बघत होतो. ही सवय तूच लावलीस.

घरी येऊन पुन्हा सगळं वाचत बसलो. १९७१ च्या एका दौऱ्यात विजेची खुर्ची होती, त्याच वर्षीच्या पुढच्या दौऱ्यात फासाचा खांब आला आणि १९७३ मध्ये गिलोटिन. ते गिलोटिन जेम्स रँडी या जादूगाराने बांधलं होतं. बाबाबुवांचं बिंग फोडणारा म्हणून पुढे ज्याचं नाव झालं, तोच हा रँडी. त्या दौऱ्यात रोज रात्री जल्लादही तोच व्हायचा. ज्याने यंत्र केलं, त्यानेच दोरी ओढायची. यापेक्षा चोख व्यवस्था मला सुचत नाही. पातं ४० पौंडांचं असतं, असं कूपर सांगतो. म्हणजे जवळपास १८ किलो लोखंड माणसाच्या मानेच्या दिशेने सोडायचं, आणि ते चुकवायचं काम यंत्र करणाऱ्याचं.

रॉकवाल्यांना भयाचं हे वेड त्याच्याही आधीपासूनचं. स्क्रीमिंग जे हॉकिन्स १९५० च्या दशकात शवपेटीतून उठून गायला सुरुवात करायचा. रेडिओवरच्या ॲलन फ्रीडने ३०० डॉलर देऊ केले, तेव्हा कुठे तो पहिल्यांदा पेटीत शिरला. आर्थर ब्राउन १९६८ च्या सुमारास डोक्यावर पेटतं शिरस्त्राण घालून गायचा. किस या बँडच्या जीन सिमन्सचे केस तर १९७३ च्या ३१ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये, तोंडातून जाळ काढताना खरोखरच पेटले. बाजूला उभ्या असलेल्या माणसाने धावत जाऊन ते विझवले. सिमन्स सगळ्यांना माहीत आहे, पण मला त्या रात्री तो बाजूचा माणूस जास्त महत्त्वाचा वाटतो.

कूपरचं वेगळेपण असं की तो मरतो. घाबरवून नुसता निघून जात नाही. तो धर्मोपदेशकाचा मुलगा, आणि दुष्टाला शिक्षा झालीच पाहिजे, हे त्याचं पहिल्यापासून म्हणणं आहे. मग शेवटी पांढरा कोट, पांढरी उंच हॅट घालून तो परत येतो आणि सगळं सभागृह हलकं होतं. मला तुमच्या गावचा दशावतार आठवला. पहाटे असुराचा वध झाल्याशिवाय कुणी जागचं उठायचं नाही. शिक्षा खरी वाटली तरच परत येणं खरं वाटतं. म्हणून फासाचा प्रवेश नाटकातून काढून टाकणं किंवा नुसता आवाजावर भागवणं मला पटत नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं, ते. कूपरच्या फासात दोर मानेला आवळायचाच नाही. अंगातल्या पट्ट्याला लावलेली एक बारीक तार त्याचं वजन पेलायची, दोर फक्त दिसायला. १९८८ मध्ये इंग्लंडात ती तार तुटली. त्याने झटकन मान मागे टाकली, दोर हनुवटीवरून निसटला, गळा भाजल्यासारखा सोलला गेला, पण जीव वाचला. वर्षानुवर्षं प्रयोग चालले होते आणि तार बदलायला हवी हे कधी डोक्यातच आलं नाही, असं तो स्वतः सांगतो.

हे वाचलं आणि मी खुर्चीवरून उठलो, दिन्या. आपली ती कडी! पहिल्या फेरीपासून तीच, तालमीतही तीच. बदलावी असं तुझ्याही मनात आलं नाही आणि माझ्याही. सुन्याच्या मानेवरचा वळ आठ दिवस होता, तो मलाही दिसत होता. पण धावत जाऊन त्याचे पाय खालून उचलून धरले ते तू. मी विंगेत दगडासारखा उभा होतो. इतकी वर्षं तू स्वतःला फक्त कडी बांधणारा समजत आलास. सुन्याला धरणाराही तूच होतास, हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, याचं वाईट वाटतं.

कूपरने फास सोडला नाही. तूही सोडू नकोस. दिग्दर्शकाला होकार कळव, पण अटी घालून. वजन पेलणारा पट्टा ज्याचं तेच काम आहे अशा माणसाकडून करून घ्यायचा, घरी शिवायचा नाही. दुसरा आधार पहिल्यापासून पूर्ण वेगळा हवा. कड्या आणि तारा ठरावीक प्रयोगांनंतर, चांगल्या दिसत असल्या तरी, फेकून द्यायच्या. खर्च निर्मात्याचा, हे आधीच बोलून घे. आणि त्या प्रवेशाला विंगेत एक माणूस असा हवा, ज्याला दुसरं काहीही काम नाही.

मी डिसेंबरात येतोय. तालमी तोवर सुरू असतील तर तो माणूस मी.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अनिल